भिंतीला प्लास्टर होण्याआधी: लॅन केबल कुठली घ्यायची आणि कशी टाकायची

मागच्या भागात आपण वायफायवर बोललो. त्यावर जेवढे मेसेज आले, त्यातले निम्मे शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबत होते. नाशिकहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज होता. नवीन घराचं काम चालू आहे, भिंतींना झिऱ्या मारून झाल्यात, चार दिवसांत प्लास्टर. त्यांनी इलेक्ट्रिशियनला लॅनच्या वायरचं विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आता सगळं वायफायवर चालतं, वायर कोण टाकतंय?" ताईंनी मला विचारलं, तो बरोबर बोलतोय का?

अर्धं बरोबर बोलतोय. मोबाइलला वायर लावून कोणी फिरत नाही. पण आपली घरं विटांची आणि आरसीसीची असतात. हॉलमधल्या राउटरचा सिग्नल दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून वरच्या बेडरूमपर्यंत जाईतो मलूल होतो, आणि वेगवान म्हणवला जाणारा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर आधी मरतो. मग वर दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा लागतो, आणि त्यालाही नीट चालायचं तर खालून केबलच यावी लागते. म्हणजे चांगल्या वायफायसाठीसुद्धा वायर लागतेच. माझा हिशेब साधा आहे: जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यायची. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेरा, प्रिंटर, छतावरचा ॲक्सेस पॉइंट. जेवढं वायरवर जाईल तेवढं वायफाय मोबाइल-लॅपटॉपसाठी मोकळं राहतं.

ताईंकडे चारच दिवस होते, म्हणून मी त्यांना केबलबद्दल आधी काहीच सांगितलं नाही. पाइपबद्दल सांगितलं. केबल उद्या बदलता येते, भिंतीतला पाइप बदलता येत नाही. लॅनसाठी विजेच्या वायरिंगपेक्षा वेगळा पाइप टाका, २५ मिलिमीटरचा. त्यात कॅट-६च्या तीन-चार केबल निवांत बसतात. वळणावर काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावा, नाहीतर केबल ओढताना तिथेच अडकते. आणि प्रत्येक पाइपात ओढायला एक जीआय तार घालून ठेवा, आज केबल टाकणार नसाल तरी. प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

आता एक गोष्ट, जी विजेचं काम करणाऱ्यांना मुद्दाम सांगावी लागते. लाइटच्या वायरिंगमध्ये एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप मारतात. लॅनमध्ये तसं चालत नाही. प्रत्येक पॉइंटपासून एक अखंड केबल थेट एका मधल्या जागेपर्यंत यायला हवी, मध्ये जोड नको. ती मधली जागा म्हणजे जिथे फायबर घरात येतं, जिथे स्विच बसणार. तिथे दोन-तीन विजेचे सॉकेट हवेत, जमलं तर इन्व्हर्टरच्या लाइनवरचे, आणि थोडी हवा खेळायला हवी. लोखंडी बॉक्समध्ये स्विच ठेवा खुशाल, पण वायफाय राउटर त्यात कोंडू नका.

ताईंच्या घरात आम्ही फोनवरच ठरवलं: टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या टेबलाशी एक, दोन्ही मजल्यांवर पॅसेजच्या छताला एकेक, दारावरच्या कॅमेऱ्यासाठी एक, गच्चीवर एक. कोणी म्हणेल टीव्हीमागे दोन कशाला? कारण सेट-टॉप बॉक्सही तिथेच येतो, आणि एक केबल उंदरानं कुरतडली तर दुसरी असते. (हसू नका, होतं हे.)

बरं, आता केबल. दुकानात गेलं की कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए, कॅट-७, कॅट-८ अशी माळ ऐकवतात, आणि जितका आकडा मोठा तितकं चांगलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात देते, २.५ गिगाबिटसुद्धा. कॅट-६ तेवढंच अंतर १ गिगाबिट देते आणि १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत. केबल जुडग्यात दाटीनं बांधलेल्या असतील तर त्याहून कमी. कॅट-६ए पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट देते, पण ती जाड असते, वळायला हट्टी असते आणि आपल्या नेहमीच्या मॉड्युलर बोर्डाच्या डब्यात कोंबताना जीव खाते. कॅट-८ तर डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या अंतरांसाठी आहे, तिचं घरात काही काम नाही. कॅट-७ नावाखाली ऑनलाइन जे चपटे पॅचकॉर्ड मिळतात, त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

घरातलं कुठलंही अंतर ५५ मीटरच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून घरासाठी मी डोळे झाकून कॅट-६ सांगतो. मोठ्या ऑफिसात, जिथे पंधरा वर्षं छत उघडायचं नाही, तिथे मुख्य लाइनला कॅट-६ए किंवा सरळ फायबर. जुनी कॅट-५ई चालू असेल तर ती उपटायची गरज नाही.

पण मंडळी, खरी फसवणूक कॅटच्या आकड्यात नसते. ती तांब्यात असते. आज थोडं जास्त यावरच बोलायचंय.

बाजारात सीसीए नावाची केबल मिळते. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात कॅट-६ छापलेलं असतं आणि सीसीए हे तीन अक्षरांचं सत्य कुठेतरी कोपऱ्यात, किंवा नसतंच. खऱ्या तांब्याच्या केबलपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, त्यामुळे कोटेशनमध्ये नुसतं "कॅट-६ केबल, एक बॉक्स" लिहिलेलं असेल तर काय येणार हे तुम्ही समजून घ्या. केबलच्या कॅटेगरीची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, ती पूर्ण तांब्याची तार मागतात. म्हणजे सीसीए केबल मुळात कॅट-६ नाहीच, तिच्यावर काहीही छापलेलं असो.

फरक काय पडतो? पहिल्या दिवशी काहीच नाही, गंमत तीच आहे. नेट चालतं, बिल दिलं जातं, माणूस निघून जातो. पण सीसीएचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि आज आपण त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पाठवतो, म्हणजे पीओई. दिवसा कॅमेरा छान चालतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज मागतो, लांबलचक सीसीए केबलमध्ये व्होल्टेज पडतं, आणि कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू होतो. रात्रभर हेच. म्हणजे चोर यायच्या वेळेलाच कॅमेरा झोपलेला. दुकानदार कॅमेऱ्याच्या कंपनीला शिव्या देतो, कॅमेरा बदलतो, पुन्हा तेच. शिवाय जी वीज कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही ती केबलमध्येच उष्णता होऊन राहते. आणि ॲल्युमिनियम ठिसूळ, जॅकमध्ये पंच करताना किंवा दोन-चारदा हलवलं की तार आतल्या आत तुटते.

ओळखायची कशी? एक, वजन. ३०५ मीटरचा बॉक्स उचलून बघा. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाच्या आत आहे, त्यामुळे दोन बॉक्स शेजारी ठेवले तर हाताला लगेच कळतं. दोन, तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला की विषय संपला. नुसतं वरून बघू नका, वरून ती तांब्याचीच दिसते. तीन, मल्टिमीटर. एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी तार एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा. कॅट-६ची, म्हणजे २३ गेजच्या शुद्ध तांब्याची ५० मीटर केबल असेल तर साधारण ७ ओहमच्या आसपास येतो. दहाच्या पुढे गेला तर समजा. आणि कोटेशनमध्ये शब्द लिहून घ्या: "शुद्ध तांबं, सॉलिड, २३ गेज". एवढं लिहायला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

सॉलिड का? भिंतीत टाकायच्या केबलची प्रत्येक तार अखंड एकेरी असते. भिंतीच्या जॅकपासून लॅपटॉपपर्यंतचा जो पॅचकॉर्ड, त्याची तार अनेक बारीक धाग्यांची, म्हणजे हलवली तरी तुटत नाही. एकाच्या जागी दुसरी वापरू नये. याच हिशेबानं १०० मीटरची मर्यादाही मोजतात: ९० मीटर भिंतीतली केबल आणि १० मीटर दोन्हीकडचे पॅचकॉर्ड मिळून.

टाकताना काय बघायचं ते पटकन सांगतो. जोरात ओढायची नाही. ११ किलोच्या वजनाएवढा ताण ही वरची हद्द. वळण केबलच्या व्यासाच्या चौपटीहून आवळ नको, म्हणजे कॅट-६ला साधारण एक इंचाची त्रिज्या. झिपटाय करकचून बांधू नका. विजेच्या वायरला समांतर न्यायची असेल तर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात. बाहेरून जाणारी केबल काळ्या, ऊन सोसणाऱ्या आवरणाचीच हवी. घरातली राखाडी केबल गच्चीवर टाकली तर उन्हानं तिचं आवरण तडकतं आणि पावसाचं पाणी आत शिरतं. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

आणि जोडणी. आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पिळलेली. ही पीळ शोभेसाठी नसते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि शेवटी तो वजा होऊन जावा, यासाठी ती असते. म्हणून जॅकमध्ये जोडताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उसवायची नाही. रंगांचा क्रम आपल्याकडे बहुतेक जण टी५६८बी वापरतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

यात हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का बसवली, असं वाटतं ना? कारण ३ आणि ६ नंबरची पिन ही एक जोडी आहे. सांगलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मला बोलावलं होतं. खालच्या खोलीतून एक्स-रे वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यायला मिनिट-मिनिट लागत होतं, पेशंट तोंड उघडून बसलेला. आधी काम केलेल्या माणसानं दोन्ही टोकांना रंग ओळीनं लावले होते: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी. दिसायला एकदम नीटनेटकं. दिव्यांचा साधा टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे क्रमानं लागले, पास! कारण टेस्टर फक्त एवढंच बघतो की या टोकाची पिन त्या टोकाच्या त्याच पिनला जुळली का. पण ३ आणि ६वर आता एक हिरव्या जोडीतली तार आली, एक निळ्या जोडीतली. दोघी एकमेकींना पिळलेल्याच नाहीत. दोन मीटरला हे खपून जातं, चाळीस मीटरला नाही. दोन्ही कनेक्टर कापून नीट लावले, काम वीस मिनिटांचं.

म्हणून दिव्यांच्या टेस्टरवर काम ताब्यात घेऊ नका. ऑफिसचं मोठं काम असेल तर सर्टिफिकेशन करणारं यंत्र आणायला सांगा, प्रत्येक केबलचा रिपोर्ट मागा. घरी एवढं नको. प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावा आणि लिंक स्पीड बघा. १००० दिसायला हवं. १०० दिसत असेल, किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड टेस्ट ९४-९५ला अडकत असेल, तर इंटरनेट कंपनीला फोन करायच्या आधी केबल तपासा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच, १-२ आणि ३-६. उरलेल्यांपैकी एखादी तार सुटली की उपकरणं गुपचूप १००वर उतरतात, आणि कोणाला पत्ता लागत नाही. (लॅपटॉपचा पोर्ट किंवा स्विचच १००चा नाही ना, तेवढं आधी बघा.)

दुकान-ऑफिसवाल्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या करा. प्रत्येक टेबलाला दोन केबल, आणि दोन्ही टोकांना नंबर. दुसरं, दोन इमारतींच्या मध्ये, म्हणजे दुकान ते समोरचं गोदाम, किंवा बंगला ते आउटहाऊस, तांब्याची केबल टाकू नका. फायबर टाका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तांब्याच्या केबलमधून दोन्हीकडचे स्विच आणि पोर्ट एकदम जातात. फायबर काचेचा आहे, त्यातून वीज जात नाही.

जाता जाता एक, कारण तिघांनी विचारलंय: शील्डेड केबल घ्यावी का? मोठ्या मोटारी, वेल्डिंग, लिफ्टची मशीन रूम यांच्या शेजारून जाणार असेल तर हो, पण जॅकपासून रॅकपर्यंत सगळं शील्डेड हवं आणि अर्थिंग चांगलं हवं. अर्थिंगचा भरवसा नसेल तर साधी यूटीपी घ्या आणि तेच पैसे तांब्यावर खर्च करा.

फायबरचे प्रकार आणि घरात आलेल्या ओएनटीची जागा, हे पुढच्या भागात. तोवर प्लास्टर जवळ आलं असेल तर भिंतींचे फोटो काढून ठेवा. भेटूच.