मुलगी म्हणते, नदीवर काम करायचंय!

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे दोन तऱ्हेच्या आया येतात. कुणी पेढे घेऊन येते, कुणी प्रश्न घेऊन. मागे एकदा एक आई दोन्ही घेऊन आली.

पेढ्याचा पुडा माझ्या हातात देत ती म्हणाली, "बाई, पोरीला ब्याऐंशी टक्के मिळाले. हिचे बाबा म्हणतात कॉम्प्युटरला घालू. आणि ही म्हणते, मला नदीवर काम करायचंय! आता तुम्हीच सांगा, नदीवर काय काम असतं? धुणं धुवायचं का?"

मुलगी दाराशी मान खाली घालून उभी होती. मला हसू आलं आणि लगेच मनातून ओशाळले. कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी बी. ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत शिकवते. भूगोलाच्या तासाला 'नदीचे कार्य' हा धडा किती वेळा घेतला असेल! नदी झीज करते, गाळ वाहून नेते, पसरवते. पण नदीचं काम करणारी माणसं कोण असतात, हे काही मी कधी शिकवलं नव्हतं. म्हणून चार ठिकाणी विचारलं, वाचलं. हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवते. हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी येईल.

मुलीच्या मनात नदी आली कुठून?

आमची रोडपाली पनवेलजवळ, कळंबोलीला लागून. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहत येणारी कासाडी नदी आमच्या बाजूने पुढे खाडीला मिळते. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये तळोज्यात चक्क निळी कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रं देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकली, ते तुम्हाला आठवत असेल. कारखान्यातला रंग त्या मुक्या जिवांच्या अंगाला लागला होता. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंतही गेला.

ही मुलगी तेव्हा लहान होती. पण घरात आजी आहे. याच खाडीत जिताडा मिळायचा, ओहोटीच्या वेळी निवट्या पकडायला पोरं चिखलात उतरायची, हे तिने नातीला शंभरदा सांगितलेलं. एका बाजूला आजीची खाडी, दुसऱ्या बाजूला निळी कुत्री. मुलीच्या मनात प्रश्न उभा राहिला यात नवल ते काय?

नदी आजारी आहे हे कसं ओळखतात?

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाण्यात मासळी जगते ती विरघळलेल्या प्राणवायूवर. घाण पाण्यात गेली की सूक्ष्म जंतू ती खातात आणि खाताना हा प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितकी प्राणवायूची मागणी जास्त. या मागणीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बीओडी' म्हणतात. आंघोळीला योग्य अशा नदीत हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी हवा आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम तरी हवा.

आता गंमत ऐका. गटारातल्या घरगुती सांडपाण्याचा हा आकडा साधारण दोनशे ते तीनशे असतो. आणि दुधाचा? एक लाखाच्या आसपास! म्हणजे नासलेलं एक लिटर दूध आपण मोरीत ओतलं, तर ते नदीला सोसेल इतकं पातळ करायला तेहतीस हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. मी हे वाचलं त्या दिवसापासून आमच्याकडे नासलेल्या दुधाचं पनीर होतं, नाहीतर कलाकंद.

कारखान्यांना नावं ठेवणं सोपं असतं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलंच पाहिजे. पण शहरांतून नद्यांत जाणाऱ्या घाण पाण्यात सर्वांत मोठा वाटा घरांचाच असतो, हेही विसरून चालणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे या क्षेत्रात काम तर भरपूर आहे. प्रश्न एवढाच की कोणतं आणि कुणी करायचं.

दारं एक नाही, पाच आहेत

घरातलं माणूस आजारी पडलं की एकट्या डॉक्टरवर भागत नाही. रक्त तपासणारा लागतो, औषध देणारा लागतो, पथ्य सांगणाराही लागतो. नदीचंही तसंच आहे.

पहिलं दार तपासणीचं. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी. एस्सी., एम. एस्सी. झालेल्या मुलींसाठी. नदीवर जाऊन नमुना घ्यायचा. बाटलीत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. प्राणवायू मोजायचा असेल तर तिथल्या तिथे औषध घालून तो बांधून ठेवायचा. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मग मोजायची. विरजण लावणारीला ही शिस्त काही नवी नाही! प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे आणि त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महाप्याला आहे. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांतही अशा मुली लागतात.

दुसरं दार यंत्रांचं आणि बांधकामाचं. स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविकाही करता येते. पाटबंधाऱ्यांची कामं पाहणारा जलसंपदा विभाग, महानगरपालिकांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, औद्योगिक वसाहतीतली सामायिक प्रक्रिया केंद्रं, या सगळीकडे हे शिक्षण उपयोगी पडतं. आयटीआयमध्ये रासायनिक संयंत्र चालवण्याचा अभ्यासक्रम केलेल्यांनाही अशा केंद्रांत काम मिळू शकतं. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत खरं पाणी सोडतात आणि पूर कसा वाहील ते आधी पाहतात. नाशिकला 'मेरी' ही राज्याची संशोधन संस्था आहे.

तिसरं दार झाडं-जिवांचं. नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. काठावरचं गवत, उंबर-करंजाची झाडं, डोहातले मासे, पाणपक्षी हे सगळं मिळून नदी होते. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकलेल्यांसाठी हे काम. पक्षितज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात 'इकॉलॉजिकल सोसायटी' स्थापन केली. निसर्गसंवर्धनाचा तिचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नोकरी-संसार सांभाळून अनेकांनी केला. केतकी घाटे आणि मानसी करंदीकर या दोघींनी तर पुण्यात 'ऑयकॉस' नावाचा व्यवसायच उभा केला. उजाड जमिनी आणि तिथला देशी झाडोरा पुन्हा कसा जिवंत करायचा, याचा सल्ला त्या देतात. पुनरुज्जीवनाचंही पोट भरणारं काम होऊ शकतं, ते असं.

चौथं दार नकाशांचं आणि भूजलाचं. हे आमच्यासारख्या कलाशाखेच्या बायकांनी नीट वाचावं! भूगोल घेऊन पदवी केलेल्यांना उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचा अभ्यासक्रम पुढे करता येतो. पूर कुठवर येतो, ओढा कुठे बुजवला, हे त्या नकाशांत दिसतं. भूगर्भशास्त्र शिकलेल्यांसाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. उन्हाळ्यात नदी वाहती राहते ती जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यावर, म्हणून हे कामही नदीचंच.

पाचवं दार माणसांचं. धोरण, कायदा, समाजकार्य. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाण्याचं धोरण आणि कारभार या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने आलं. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे नदीची बाजू मांडायला वकील लागतात आणि वकिलाला आकडे पुरवायला अभ्यासक लागतात. पुण्याच्या परिणीता दांडेकर गेली कित्येक वर्षं नद्या आणि धरणं यांवर अभ्यास करून लिहीत आल्या आहेत.

'सुशोभीकरण' आणि 'पुनरुज्जीवन'

एक फरक मात्र मुलीच्या कानावर घाला. काठाला भिंत बांधली, फरशी बसवली, दिवे लावले, म्हणजे नदी बरी झाली असं नव्हे. आजारी माणसाला भारी साडी नेसवून ताप उतरतो का? आधी घाण पाणी थांबवायचं, मग पाणी वाहतं करायचं, काठाला श्वास घेऊ द्यायचा, शोभा शेवटी. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नावाची नदी शहरात आहे, हे कितीतरी जणांना तेव्हा कळलं! नदीची जागा आवळली की ती एक दिवस परत मागते. या क्षेत्रात येणाऱ्या मुलीला कधी कधी वरिष्ठांनाही "असं नको" म्हणायची वेळ येईल. तेवढं बळ तिला आपणच द्यायचं.

आता खर्चाचं आणि अडचणींचं

पैशाचं आधी सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्यासाठी प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कार्यालयापुढे रांगा लागतात.

अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता आली तर ठेवा. गणित सोडलं की अभियांत्रिकीचं दार बंद होतं आणि जीवशास्त्र सोडलं की तिसऱ्या दाराशी अडखळायला होतं.

अडचणी लपवत नाही. सरकारी जागा थोड्या, परीक्षा कठीण. संस्थांमधलं काम बऱ्याचदा प्रकल्पापुरतं. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. कॉम्प्युटरवाल्यांसारखा पगार सुरुवातीला मिळेलच असं नाही. भर पावसात, उन्हात काठावर जावं लागतं, तिथे स्वच्छतागृह नसतं. म्हणून नोकरी घेताना सोबत कोण असणार, गाडी मिळणार का, हे मुलीने निःसंकोच विचारावं. आणि "लग्नाचं कसं?" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, बँकेतल्या मुलीचीही बदली होते, परिचारिकेलाही रात्रपाळी असते. त्यांचे संसार झालेच ना?

आणि आपण?

ही सगळी मुलींची गोष्ट झाली. पण पुण्यात २०१४ साली शैलजा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जीवितनदी' ही संस्था सुरू केली, तिचं काम वाचलं तेव्हा वाटलं, आपलंही वय काही गेलेलं नाही. नदीचा एक तुकडा दत्तक घ्यायचा, दर आठवड्याला तिथे जायचं, पाहायचं, टिपायचं, लोकांना घेऊन जायचं. आणि घरातली घातक रसायनं कमी करायची. रिठा-शिकेकाई पुन्हा न्हाणीघरात आणायची. जल जीवन मिशनमध्ये तर खेड्यापाड्यांतून गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. शाळा सुटून वर्षं झालेल्या बायका जर पाण्याची परीक्षा करू शकतात, तर आपल्याला काय हरकत?

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचारणारच. मी हे सगळं कागदावर लिहून तिच्या आईला दिलं. बाबांचं मन अजून कॉम्प्युटरवरच आहे. पण मुलीने विज्ञान शाखा घेतली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून. "बारावीला किती पडतात ते बघू, मग बोलू," इथवर बाबा आले आहेत.

परवा तिची आई भाजीबाजारात भेटली. "बाई, तुमच्या त्या कागदाने माझ्या डोक्याला ताप झाला बघा. पोरगी मोरीशी पहारा देते. दुधाचं पातेलं विसळायचं तरी विचारावं लागतं." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हळूच म्हणाली, "सासूबाई मात्र खूश आहेत. म्हणतात, शिकू दे तिला. खाडीत जिताडा आला तर मी नसेन बघायला, ती असेल."