ट्रेडमिलवर कंटाळा येतो? आवडती मालिका तिथेच बघा!

पाऊस सुरू झाला की सकाळचं फिरणं बंद पडतं आणि घरातल्या व्यायामाच्या सायकलवर वाळत घातलेले कपडे एकदाचे निघतात. आठवडाभरात ते पुन्हा तिथेच! दम कमी पडतो म्हणून नव्हे, समोरची भिंत बघून कंटाळा येतो म्हणून.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्राध्यापक केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी यावर एक उपाय तपासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाला उत्कंठावर्धक ऑडिओबुक्स दिली, पण ती फक्त जिममध्येच ऐकता येणार होती. पुढे काय झालं हे कळायला जिम गाठणं भाग! सुरुवातीला हा गट इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिममध्ये गेला.

घरीही हे जमतं. मालिकेचा पुढचा भाग सायकलवर बसल्यावरच लावायचा, सोफ्यावर नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते; अर्ध्या तासाचे पाच भाग बघितले की तेवढा होतो. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. मालिकेत रंगून पाय मंदावतात, तिकडे मात्र लक्ष हवं.

अभ्यासातली खरी गोम पुढे आहे. हा फरक हळूहळू ओसरला, थँक्सगिव्हिंगच्या सुटीनंतर तर विशेष. आपल्याकडे ती सुटी म्हणजे गणपती आणि दिवाळी. त्यामुळे एखादी नवी, चांगली मालिका भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी.