आजी माळकरी, नातवाला सुशी

अंतरवाली सराटीच्या शिवारात पावसाळ्यात कपाशीच्या, उसाच्या शेजारी सोयाबीन डोलतं. आपल्याकडे ते मोंढ्यावर जातं, तिथून तेलगिरणीत, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. जपान्यांनी त्याच दाण्यावर अख्खं स्वयंपाकघर उभारलं. गव्हासोबत आंबवला की शोयू, म्हणजे आपण ज्याला सोया सॉस म्हणतो तो. भातावर वाढवलेल्या बुरशीसोबत आंबवला की मिसो. दळून काढलेलं दूध फाडलं की तोफू, त्याच दुधावरची साय उचलली की युबा. तार सुटेपर्यंत आंबवला की नात्तो, भाजून पीठ केलं की किनाको. आणि कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या की एदामामे, जे मुंबईच्या बड्या हॉटेलांत चांगलंच भाव खातं. जपानी जेवण म्हणजे नुसता कच्चा मासा असं समजून घरातली निम्मी माणसं आधीच नाक मुरडतात. त्यांना आधी ही यादी वाचून दाखवा.

गावात जपानी हॉटेल नाही, तालुक्याला नाही. पण वारं त्या दिशेनं वाहतंय. अंतरवालीचं नाव मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रभर पोचलं. तिथून फार लांब नसलेल्या बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, गुंतवणूक सुमारे २० हजार कोटींची. जपानी अभियंते जिथे राहायला येतात, तिथे त्यांच्या चवीचं हॉटेल मागोमाग येतं. गुरुग्राममध्ये तेच झालं, आणि चाकण-तळेगावच्या जपानी कंपन्यांमुळे पुण्यातही असा ग्राहक तयार झाला. छत्रपती संभाजीनगरची पाळी येईल तेव्हा येईल. तोवर सुट्टीत सगळे पुण्या-मुंबईला जमले आणि पोरांनी सुशीचा हट्ट धरला, तर दहा माणसांचं कुटुंब घेऊन जायचं कुठे?

आकाशकंदील बघू नका

लाल कागदी कंदील, चेरीच्या फुलांचं भित्तिचित्र, दारात हात हलवणारी मांजर. हे सगळं बाजारात विकत मिळतं. शेफ जपानी असलाच पाहिजे असंही नाही. मुंबईच्या ताज महाल पॅलेसमधल्या ‘वसाबी बाय मोरिमोतो’वर २००४ पासून मासाहारू मोरिमोतो या जपानी शेफचं नाव आहे, पण वांद्र्याचं ‘इझुमी’ उभं केलं ते नूरेशा काब्ली या मुंबईच्या शेफनं.

अस्सल कोण हे ठरवायचा प्रयत्न खुद्द जपान सरकारनंही करून पाहिला. परदेशातल्या जपानी हॉटेलांना शिक्का द्यायची कल्पना २००६ मध्ये निघाली, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तिला ‘सुशी पोलीस’ म्हणून झोडपलं आणि ती मागे पडली. २०१६ पासून वेगळी सोय आहे: परदेशी आचाऱ्यांना कौशल्यानुसार सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी प्रमाणपत्रं मिळतात. भिंतीवर तसं काही दिसलं तर आनंदच.

‘दाशी कशाची?’

माझ्या मते खरी परीक्षा या एका प्रश्नात आहे, आणि तो टेबल राखून ठेवतानाच फोनवर विचारायचा. दाशी म्हणजे जपानी जेवणाच्या बुडाशी असलेलं पाणीदार सार. नेहमीची दाशी दोन गोष्टींची: कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी. ही कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, बुरशी चढवून महिनोन्‌महिने वाळवलेला मासा. तो लाकडासारखा टणक होतो आणि रंध्यासारख्या पात्यावर तासून त्याचे पापुद्रे काढतात. दाशी मिसो सूपमध्ये असते, उदोनच्या रश्शात असते, तेंपुरा बुडवायच्या पाण्यात असते, तळलेल्या तोफूभोवतीच्या पातळ रश्शात असते. म्हणजे वाटीत माशाचा तुकडाही दिसत नाही, मेनूवर हिरवा ठिपका असतो, आणि माळकरी आजीच्या घोटात मासा जातो. ज्या घरात तुळशीची माळ आहे, तिथे ही गोष्ट ‘चालतंय हो’ म्हणून सोडून द्यायची नाही.

उपायही जपानी परंपरेतलाच आहे. कोंबू आणि वाळवलेले शिताके मशरूम यांचीही उत्तम दाशी होते. १९०८ मध्ये तोक्योतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं ‘उमामी’ चवीचा शोध लावला, तोही कोंबूच्याच दाशीतून. माशाशिवाय चव येत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला इकेदांचं नाव सांगा. चांगल्या हॉटेलातला माणूस प्रश्न ऐकून म्हणतो, ‘थांबा, आत विचारतो,’ किंवा ‘एक दिवस आधी सांगा, वेगळी काढून ठेवू.’ जो न विचारता ‘सगळं व्हेजच आहे’ म्हणतो, तिथे आजीला नेऊ नका.

फोन चालूच आहे तर आणखी दोन गोष्टी. मिरिन हे गोडसर पाणी बऱ्याच सॉसमध्ये पडतं आणि अस्सल मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. आणि जपानी करीच्या तयार वड्यांमध्ये अनेकदा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते, मग वरून बटाटा-गाजरच का दिसेना.

मठातलं पान

शाकाहारी मागितलं म्हणजे जपानी जेवण बिघडवलं, असं वाटून आपली माणसं उगाच ओशाळतात. ओशाळायचं काहीच कारण नाही. सम्राट तेनमूनं इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. पुढे नियम सैल-घट्ट होत राहिले, पण सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं ते थेट १८७२ मध्ये. मासे मात्र या सगळ्या काळात चालूच होते.

मासेही वर्ज्य असलेलं जेवण बौद्ध मठांत शिजत होतं. त्याला शोजिन र्योरी म्हणतात. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या नेमात बसणारं. त्याचं नावाजलेलं ठिकाण म्हणजे वाकायामा प्रांतातला कोयासान, नवव्या शतकात कूकाई या भिक्खूनं वसवलेला. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ पासून सहकार्याचा करारही आहे. मठात मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याच्या ताटात तिळाचा मऊ गोमा-दोफू येतो, आणि डोंगरातल्या थंडीत गोठवून वाळवलेला कोया-दोफूही. याच वाकायामातलं युआसा हे गाव जपानी सोया सॉसचं जन्मस्थान मानलं जातं. हॉटेलवाल्याला ‘शोजिन’ एवढा शब्द उच्चारून बघा. ओळखीचं हसू आलं तर तिथे टेबल राखा.

झटपट घास

साधी सुशी शाकाहारीही असते. काप्पा माकीत काकडी असते. कांप्यो माकीत असतो दुधीच्या जातीच्या भोपळ्याच्या लांब पट्ट्या काढून, वाळवून, गोडसर शिजवलेला गर. दुधी बघून पळणारी पोरं हा प्रकार मागून खातात.

आजची हातानं वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जायची. हातानं उचलून तोंडात टाकायची. आजही हातानं खाल्ली तर कुणी नावं ठेवत नाही. भात शरीराच्या तापमानाचा हवा, फ्रिजमधला गार गोळा आला तर समजून जा.

कच्च्या सॅमनची सुशी जपानी पूर्वज सहसा खात नसत. कच्चा सॅमन जंतांच्या भीतीनं ते टाळत. १९८०च्या दशकात नॉर्वेनं आपला पाळीव सॅमन जपानला विकायची मोहीम काढली, तेव्हा तो सुशीवर चढला. कच्चा मासा मागवणार असाल तर तो आधी गोठवलेला आहे का हे विचारा. जंत मरायला उणे २० अंशांत ७ दिवस लागतात. गरोदर सुनेला आणि लहानग्यांना शिजलेलंच द्या.

तेंपुरा जपानला पोर्तुगिजांनी शिकवला, तेच पोर्तुगीज जे गोव्यात होते. आंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला आणि पुढच्या वर्षी तो सेंट फ्रान्सिस झेवियरसोबत कागोशिमाला उतरला. तेंपुराच्या पिठात अंडं असू शकतं, तेवढं विचारा.

ताटलीतला हिरवा गोळा बहुतेक वेळा वसाबी नसून रंगवलेला हॉर्सरॅडिश असतो. खरा वसाबी किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा झणका उतरतो, म्हणून तो समोर किसून दिला तर ते हॉटेल कष्ट घेतंय.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशींनी सुरू केली, बीअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून. पट्ट्याचा वेग त्यांनी सेकंदाला ८ सेंटिमीटर ठेवला. पोरं सोबत असतील आणि असा पट्टा सापडला, तर तिथेच जा.

बसायचं कुठे

दहा जणांना सुशीच्या काउंटरवर बसवू नका, तिथे गप्पा दोघा-तिघांतच राहतात. चटईवरची बैठक फोटोत छान दिसते, पण आबांचे गुडघे बोलायला लागतात. होरिगोतात्सू आहे का ते विचारा: टेबलाखाली खड्डा असतो, बैठक जमिनीवर आणि पाय खाली सोडलेले. इझाकाया पद्धतीचं हॉटेल कुटुंबाला सगळ्यात सोयीचं, कारण लहान-लहान बशा मध्ये येतात आणि सगळे वाटून खातात.

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी जपानात मृत्यूनंतरच्या विधींतल्या आहेत. दहाव्याचं पान आणि त्याचे नियम पाळणाऱ्या आपल्या माणसांना हे एकदा सांगितलं की पुरतं. नूडल्स मात्र खुशाल आवाज करत ओढा.

शेवटी गोड

डोरेमॉन बघणारी पोरं दोरायाकी मागणारच. त्याच्या दोन गोल धिरड्यांमध्ये आंको भरलेलं असतं: आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं, साखर घालून आटवलेलं सारण. आजीला ‘हे त्यांचं पुरण’ म्हणून सांगा, ती लगेच चव घेईल. पण दोरायाकीच्या धिरड्यात अंडं असतं. तिच्यासाठी दाइफुकू मागवा: बाहेर तांदळाची मऊ पारी, आत तेच आंको, आणि साध्या प्रकारात अंडं नाही. योकान असेल तर आणखी उत्तम, कारण त्या वड्या समुद्री वनस्पतीच्या अगर-अगरनं, म्हणजे आपल्याकडच्या चायना ग्रासनं घट्ट होतात, जिलेटिननं नाही.