चाकावरचा संसार

मागच्या वेळी मी गटाच्या दप्तराविषयी बोलले. नोंदवही, पासबुक, ठरावबुक. नंतर कळलं की दोन गावांत बायकांना रेडिओसमोरच डुलकी लागली. म्हणून आज विषय बदलते. आज बोलू या तमाशाच्या फडाविषयी. पण सांगून ठेवते, शेवटी गाडी पुन्हा दप्तरावरच येणार आहे!

आपल्यापैकी किती जणींनी तमाशा समोर बसून पाहिलाय? फार हात वर होणार नाहीत. जत्रेच्या रात्री पुरुष मंडळी पटांगणात आणि आपण माळवदावर. ढोलकी ऐकू यायची, दिवे दिसायचे, बाकी सगळं अंदाजानं. मीही तशीच वाढले. फडातली माणसं दिवसा काय करतात, जेवतात कुठं, झोपतात कुठं, हे कधी मनातही आलं नाही. ते कळलं दोन वर्षांपूर्वी, आमच्या गावच्या जत्रेत.

झालं असं, फड सकाळी गावात उतरला आणि फडाचा आचारी तापानं फणफणला. जत्रेचे पंच धावत आमच्या गटाकडं आले. "ताई, पंचाऐंशी माणसांचा स्वयंपाक आहे. गट करंल का?" आम्ही दहा जणी. माणशी तीन भाकरी धरल्या, म्हणजे दोनशे पंचावन्न. दर ठरवला, पीठ तोललं, पटांगणाच्या कडेला पाच चुली मांडल्या आणि बसलो थापायला.

थोड्या वेळानं एक म्हातारे मामा हलगी घेऊन चुलीजवळ आले आणि उभे राहिले. आमची एक ताई म्हणाली, भुकेजले असतील बिचारे. दिली गरम भाकरी हातावर. मामांनी खाल्ली. पुन्हा अर्ध्या तासानं आले, पुन्हा दिली. असं करत मामांच्या सात भाकरी झाल्या. शेवटी तेच काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, मला भाकर नको. हलगी शेकायचीय!" हलगीचं कातडं गार पडलं की ढिलं होतं आणि आवाज बसतो. विस्तवावर धरलं की ताणतं आणि मग ती कडाडते. रोज आचाऱ्याची आणि हलगीवाल्याची चुलीवरून भांडणं व्हायची म्हणे. आमच्याकडं भांडणाऐवजी भाकरी मिळाल्या.

आता फड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. तमाशाचे मुख्य दोन प्रकार. एक संगीत बारी. त्यात गाणं आणि लावणी मुख्य, आणि तो बहुतेक कलाकेंद्रात, एका जागी चालतो. दुसरा ढोलकी फड. तो गावोगाव फिरतो. त्यात आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्हातारी मावशी. ही मावशी पुरुषच होतो. त्यानंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे कथा. एवढं सगळं करायला गाणारे, नाचणारे, वाजवणारे तर लागतातच. शिवाय तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, वायरमन, आचारी. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. सामान ट्रकमध्ये आणि माणसं सामानावर.

हंगाम दसऱ्याला सुरू होतो. आधी तंबू लावून तिकिटावर खेळ, चैत्रापासून गावोगावच्या जत्रा. वैशाख सरला की फड सुटतो आणि पावसाळ्याचे चार महिने सगळे आपापल्या घरी. जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात त्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात. गुढीपाडव्याच्या आसपास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच एका राहुटीत चहा पितात, दुसरीत भाव काढतात आणि तिसरीत सुपारी देतात. एकाच तिथीला दहा गावांच्या जत्रा आल्या की त्या तारखेचा भाव चढतो. अगदी आपल्या बैलबाजारासारखी घासाघीस चालते.

आमच्या चुलीशेजारी कांदे चिरायला एक उंचापुरा माणूस बसला होता. रात्री तो वगातला राजा. डोळ्यांतून धारा लागलेल्या. सोंगाड्या त्याला म्हणाला, "महाराज, रात्री राणी मरते तेव्हा असं रडा की जरा! तेव्हा तुमच्या डोळ्याला टिपूस नसतं." आणि हाच सोंगाड्या, ज्याच्यावर रात्री गाव लोळून हसलं, तो दिवसभर तोंड पाडून बसला होता. गावाकडं त्याची म्हैस अडली होती आणि फोन लागत नव्हता.

फडाचं घड्याळ आपल्या उलटं चालतं. खेळ संपला की तंबू उतरवायचा, ट्रक भरायचे आणि रात्रीच पुढच्या गावाला निघायचं. झोप ट्रकमध्ये, कपड्यांच्या पेट्यांवर. सकाळी डोळे उघडले की कुठल्या गावात आलो हेच कळत नाही. दुकानाची पाटी वाचून गावाचं नाव समजतं. एकदा म्हणे सोंगाड्यानं रंगमंचावर आदल्या दिवशीच्या गावच्या देवाचा जयजयकार केला. पब्लिक खवळलं. तो गडी मुळीच डगमगला नाही. म्हणाला, "त्याच देवानं निरोप दिलाय मंडळी, माझ्या थोरल्या भावाला नमस्कार सांग!" टाळ्या पडल्या.

कपड्यांची तर वेगळीच कथा. नऊवारी लुगडी रोज धुवायची आणि संध्याकाळच्या आत वाळवायची. दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं ट्रकला. एकदा ड्रायव्हर डिझेल आणायला निघाला, त्याला दोरी दिसलीच नाही. ट्रक पुढं, मागं दहा लुगड्यांची मिरवणूक, आणि त्यामागं धावणाऱ्या गौळणी. हे सांगताना त्या बायका इतक्या हसल्या की माझी भाकरी तव्यावर करपली.

हसून झाल्यावर त्यांच्यातली एक माझ्याजवळ सरकली. माझ्याच वयाची असेल. हळूच म्हणाली, "ताई, संडास कुठं हाय?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना. मैदान होतं, लाइट होती, टँकर सांगितलेला होता. पण पंधरा-सोळा बायका दिवसभर कुठं जातील, हा विचार कोणीच केला नव्हता. पंचांनी नाही, आणि खरं बोलायचं तर आम्हीही नाही. तिनं सांगितलं, बऱ्याच गावांत अंधार पडायची वाट बघावी लागते. पाणी कमी प्यायचं. पाळी आली असली तरी पायात घुंगरं बांधून उभं राहायचं. एकेका पायात शंभरावर घुंगरं. आणि अंग धुवायला दोन ट्रकांच्या मध्ये साडीचा आडोसा. त्या दिवशी मैदानाजवळच्या आमच्या चार घरांनी न्हाणीघरं उघडून दिली. पाण्याच्या चार बादल्या, एवढाच काय तो खर्च.

तुम्ही विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव ऐकलं असेल. तमाशातलं फार मोठं नाव. 1957 आणि 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं, तो त्यांच्याच नावानं. त्यांची एक हकीकत सगळा महाराष्ट्र सांगतो. पोटुशा असताना खेळ चालू होता, कळा आल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. मीही ही गोष्ट अभिमानानं सांगितली. त्या बाईनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "व्हय ताई, लोक हात जोडतात हे ऐकून. पर त्या टायमाला एखादी सुईण जवळ असती तर?"

मग ती तिच्या उचलीविषयी बोलली. उचल हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या भागातली कोयत्याची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामात ऊस तोडून फेडतात. फडातही तसंच. पावसाळ्यात कमाई नसते. घर शाकारायचं असतं, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, आजारपण असतं. मग फडमालकाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात ती पगारातून कापून द्यायची. फिटली नाही तर पुढच्या उचलीत मिळवायची. दुसऱ्या फडात जायचं तर आधी जुनी उचल भागवायची. फडमालकही बहुतेक वेळा कर्ज काढूनच ही उचल वाटतो, म्हणजे तोही मोकळा नसतोच.

हिची उचल वाढली ती करोनात. आठवतंय ना, 2020 साली 25 मार्चला देश बंद झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता! ज्या दिवसांत नारायणगावात सुपाऱ्या ठरायच्या, त्याच दिवसांत सगळं बंद. जत्रा नाहीत, खेळ नाहीत. पुढच्या वर्षीही जत्रा झाल्या नाहीत. दोन वर्षं हिनं उचलीवर काढली आणि नंतर ती फेडता फेडता कंबर मोडली.

मी विचारलं, गावाकडच्या बचत गटात का नाही जात? ती म्हणाली, गेले होते. पण मी आठ महिने गावात नसते. बैठकीला हजर नाही म्हणून नाव काढलं. मैत्रिणींनो, गटाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपली पंचसूत्रीच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशोब. पण जी बाई पोटासाठी गावाबाहेर असते तिनं काय करावं? मी म्हणाले, तुम्ही अकरा-बारा जणी आठ महिने एकत्र राहता. मग तुमच्यातच बैठक घ्या. त्या सगळ्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, बैठकीची लावणी म्हाईत हाय. बैठकीची बचत न्हाई!"

भाकऱ्या झाल्यावर तासभर बसून मी त्यांना साधी पद्धत सांगितली. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, वही तिसरीकडं. बँकेत खातं उघडेपर्यंत हे चालू शकतं. वही कोण लिहिणार, यावर गाडी अडली, कारण बायकांमध्ये कोणाचाच हात लिखाणात चालत नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी लिहितो. माझं बारावी झालंय." पाहते तर गवळणीतली मावशी! मी म्हणाले, दादा, गट महिलांचा आहे. तो म्हणाला, "अवो ताई, रात्री मी बाईच असतो की!" मग ठरलं, पैशाला हात लावायचा नाही, फक्त हिशोब लिहायचा आणि दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. रंगमंचाचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाणारच.

पुढच्या दसऱ्याला अकरा जणींनी सुरुवात केली. आठवड्याला माणशी पन्नास रुपये, म्हणजे साडेपाचशे. तीस आठवड्यांच्या हंगामात साडेसोळा हजार. एकीला दीड हजार. मध्येच एका मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा याच पेटीतून तिला पैसे दिले आणि तिनं ते फेडलेही. गेल्या आषाढात तिचा फोन आला. "ताई, यंदा उचल दीड हजारानं कमी घेतली." दीड हजारानं उचल संपत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण गेली काही वर्षं ती फक्त वाढतच होती. यंदा पहिल्यांदा कमी झाली.

आता आपण काय करायचं? तुमच्या गावच्या जत्रेत फड येणार असेल, तर पंचांची बैठक होईल तेव्हाच गटानं तीन गोष्टी मांडा. फडातल्या बायकांसाठी संडास-न्हाणीची सोय आणि त्याची किल्ली कोणाकडं ते आधी ठरवा. पाण्याचा टँकर फड येण्याआधी उभा करा. आणि सुपारीची उरलेली रक्कम खेळ संपल्याबरोबर देऊन टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं डिझेल आणि किराणा अडत नाही. चौथी गोष्ट आपल्या घरातली. आपल्या गटातली एखादी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जात असेल, तर गैरहजर म्हणून तिचं नाव काढण्याआधी ठराव करा. बचत फोनवरून पाठवता येते आणि दंडही माफ करता येतो. बघा, आलोच की नाही दप्तरावर!

यंदाच्या जत्रेत आमच्या गटाच्या बायका माळवदावर बसल्या नाहीत. पटांगणात पुढं सतरंजी टाकून बसल्या. गवळणीत मावशी आली, तिनं आम्हाला ओळखलं आणि कृष्णाला दरडावलं, "गपगुमान वाट सोड रे, समोर आमच्या गटाच्या ताया बसल्यात, दंड लावतील!" बाकीच्या गावाला काही कळलं नाही. आम्ही मात्र पोट धरून हसलो.

भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.