परसबागेंतील सलगम

सलगमाची लागवड आपल्याकडे थोडी आहे. ज्यांनी ती एकदां करून सोडून दिली, त्यांची तक्रार बहुधा एकच असते : गड्डे कडवट व चिवट निघाले. हा दोष जमिनीचा क्वचितच असतो. बहुतेक वेळां तो दाटीचा व उशिरां केलेल्या काढणीचा असतो, असें आमचें मत आहे.

सलगम हें मोहरीच्या कुळांतील थंडीचें पीक होय. त्याचा गड्डा म्हणजे झाडानें पुढील फुलोऱ्यासाठीं सांठविलेलें अन्न. गड्डा पोसत असतो तोंवर कोंवळा राहतो. फुलाचा दांडा निघूं लागला किंवा ऊन तापूं लागलें, कीं तो आंतून जून व तंतुमय होतो. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत १८ व्या शतकांत गहूं, सलगम, जव व क्लोव्हर गवत अशी फेरपालट रूढ झाली. तेथें सलगम मुख्यतः गुरांच्या हिवाळी वैरणीसाठीं असे, म्हणून मोठ्या गड्ड्यास मोल होतें. आपणांस तो ताटांत हवा आहे. तेव्हां आपलें माप निराळें.

जमीन भुसभुशीत व निचऱ्याची असावी. शेणखत पूर्ण कुजलेलेंच घालावें. नत्र फार झाल्यास पाला माजतो व गड्डा लहान राहतो. ज्या वाफ्यांत नुकताच मुळा किंवा कोबी होता, तो टाळावा; कारण या पिकांचे रोग व किडी बहुतांशीं एकच आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पेरणी करावी. बीं मोहरीसारखें बारीक असल्यामुळें वाळूंत मिसळून अर्धा इंच खोल व एकेक फुटाच्या ओळींत पेरावें. तीन-चार पानें येतांच विरळणी करून दोन रोपांत ५ इंच अंतर राखावें. जिवंत रोप उपटण्यास हात धजत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दाटींत गड्डा नीट धरत नाहीं. उपटलेल्या रोपांची पालेभाजी होते, म्हणून तें वायां जात नाहीं.

६ फूट लांब व ३ फूट रुंद वाफ्यांत तीन ओळी धरल्यास सुमारें ४० गड्डे येतात. एका कुटुंबास ते एकदम खपत नाहींत, आणि जमिनींत राखावे तर जून होतात. यास्तव तिन्ही ओळी एकाच दिवशीं न पेरतां पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें पेराव्या. ओल सारखी ठेवावी. ताण पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यास गड्डे तडकतात. पानांमागें मावा दिसतांच तीं पानें खुडून टाकावीं.

साधारण ४५ ते ६० दिवसांत गड्डा २ ते ३ इंच रुंद, म्हणजे मोसंब्याएवढा होतो. तो त्याच वेळीं उपटावा व पाला लगेच कापून वेगळा करावा, नाहीं तर पानें गड्ड्यांतील ओल ओढून घेतात. आणखी आठवडाभर थांबल्यास वजन वाढेल खरें, पण चव जाईल. आणि परसबाग आपण चवीसाठींच लावतों.