लाटेवर स्वार

मुलांनो, आमच्या सायखेड्याला समुद्र नाही, गोदावरी आहे. पण नदीकाठी बसलं की मन निवांत होतं, असं आमच्या गावात सगळेच म्हणणार नाहीत. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचं पाणी गावात शिरलं. दुसऱ्या पुरानंतर माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी पाण्याजवळ जायलाच तयार नसे.

त्याच वर्षी आमची सहल अलिबागला गेली. सगळी पोरं लाटांत धावली. ही मात्र चपला हातात घेऊन वाळूवर उभी. म्हणाली, "सर, ती लाट मला घेऊन जाईल."

परत आल्यावर मी वर्गात पाण्याने भरलेली मोठी परात ठेवली. त्यात एक बूच सोडलं आणि कडेला बोटाने लाट उठवली. बूच वर गेलं, खाली आलं, पण राहिलं जवळपास तिथंच! खोल समुद्रातही असंच होतं. वारा पाण्याला जोर देतो, तो जोर लाटेच्या रूपाने शेकडो किलोमीटर पुढे जातो, पाणी मात्र जागच्या जागी हेलकावतं. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचा खालचा भाग मंदावतो, वरचा पुढे झुकतो आणि फेस उडवत कोसळतो.

"पण पुराचं पाणी तर नेतंच ना?" तिने विचारलं. बरोबर होतं तिचं. पुराचं पाणी खरोखर वाहतं. किनाऱ्यावरही कधी कधी आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर त्याच्याशी झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्यातून बाहेर पडायचं.

मग मी तिला सर्फिंगची गोष्ट सांगितली. हवाई बेटांवरचे लोक फार पूर्वीपासून लाकडी फळीवर पालथे पडून हाताने पाणी मारत. लाटेचा वेग गाठला की झटकन उभे राहत आणि तिच्या उतारावरून घसरत. घसरगुंडीच, पण पुढे पळणारी! आजही समुद्राजवळ राहणारे कित्येक जण कामाला जाण्याआधी तासभर लाटांवर जाऊन येतात. संक्रांतीला पतंग काटताना तुम्हाला गृहपाठ आठवतो का? तसंच त्यांचं होतं. पायाखालची फळी आणि पुढचं पाणी, दुसरं काही डोक्यात मावतच नाही.

हवाईचा ड्यूक कहानामोकू हा यातला मोठा वस्ताद. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. (सर्फिंग ऑलिंपिकमध्ये यायला मात्र २०२१ साल उजाडलं, टोकियोत.) १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उसळत्या लाटांत एक बोट उलटली. ड्यूक फळी घेऊन पुन्हा पुन्हा आत गेला आणि त्याने आठ जणांना वाचवलं.

वर्ग चिडीचूप. पुरात गावात आलेल्या होड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, तो आधी पोहायला शिकला असेल ना?"

"हो तर!"

सातवीच्या सुट्टीत ती नाशिकला मामाकडे राहिली आणि तलावात पोहायला शिकली, शिक्षकांच्या देखरेखीखाली. (पालकांनो, नदीत शिकवण्याची घाई नको.) परवा बाजारात भेटली. मी विचारलं, "आता भीती वाटते का गं?"

"पुराची वाटते, सर," ती म्हणाली. "पण तलावात उताणं तरंगलं ना, की कानात पाणी जातं. कुणाचं काही ऐकूच येत नाही. लई भारी वाटतं!"