बाजरीवरचा अरगट आणि बाळंतिणीचं मन

बाजरी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बी टाकायचं, वर तरंगेल ते काढून टाकायचं. तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. अरगट नावाच्या बुरशीवरचा हा इलाज मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. लातूर-नांदेडच्या ज्वारीवरही याच गोतातली बुरशी पडते.

या बुरशीची एक बहीण युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. स्वित्झर्लंडच्या सांडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन तिच्यातली द्रव्यं तपासत होते. १९३८ मध्ये त्यातून एलएसडी तयार झालं, आणि १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी ते मुद्दाम स्वतः घेऊन पाहिलं. पण माझा आवडता भाग पुढचा. याच हॉफमन यांच्या कामातून मेथर्जिनही आलं! बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते आजही वापरतात. म्हणजे भानावर परिणाम करणारं एलएसडी आणि बाळंतिणीचा जीव वाचवणारं औषध, दोन्ही एकाच घरातली.

आता त्या घराण्याची नजर बाळंतिणीच्या मनाकडे वळली आहे. हॉफमन यांनीच १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या अळंबीतून सिलोसायबिन वेगळं काढलं होतं. त्याच्याशी नातं असलेलं आरई-१०४ हे औषध रीयुनियन न्यूरोसायन्स या कंपनीनं बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत तपासलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीनं निकाल जाहीर केले. ३० मिलिग्रॅमचा एकच डोस घेतलेल्या बायकांचा नैराश्याचा गुणांक आठवड्यात सरासरी २३ अंकांनी उतरला. अगदी नाममात्र डोस मिळालेल्यांचा १७.२ अंकांनी. हा दुसरा आकडाही नीट वाचावा. कुणीतरी दखल घेतली, जवळ बसलं, विचारपूस केली, यानंही बाईला किती उतार पडत असेल!

केटामाइन काटेकोरपणे एलएसडी-सिलोसायबिनसारखं सायकेडेलिक नाही, तरी या चर्चेत ते असतंच. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या ते रोजच्या हाताखालचं. चीनमध्ये गरोदरपणातच उदासीची लक्षणं दिसलेल्या ३६१ बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना बाळंतपण होताच केटामाइनच्याच भावंडाचा, एस्केटामाइनचा, छोटा डोस ४० मिनिटांत शिरेतून दिला. ४२ व्या दिवशी त्यांच्यापैकी ६.७ टक्के बायका नैराश्यात होत्या. औषध न मिळालेल्यांत २५.४ टक्के. २०२४ च्या ‘बीएमजे’मध्ये हे छापून आलं.

४२ वा दिवस! दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी येतात ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन बघतात, अंग तापलंय का बघतात, अंगावर पितंय का विचारतात. शेगडी-धुरी, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, सगळं रीतसर चालू असतं. आणि ती ओली बाळंतीण हळूच म्हणते, “मला लेकराकडं बघूच वाटंना.” घरात कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाहेरचं झालं. मला वाटतं, या फेरीत आईच्या मनासाठीही प्रश्न हवेत. ते तयारही आहेत. एडिनबरा प्रश्नावली १९८७ ची, फक्त १० प्रश्नांची. पहिलाच हसण्याबद्दल, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल.

शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींची अशी पाहणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं. मुलगा झाला की मुलगी, यानंही फरक पडत होता. यातलं एकही कारण गोळीनं जाणार नाही.

एलएसडी आणि सिलोसायबिन दोन्ही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतात. पावसाळ्यात बांधावर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांवर तर कुणी प्रयोग करूच नये. विषारी अळंबीनं माणूस दगावतो. केटामाइनही घरी घ्यायचं औषध नव्हे.

आपल्याकडं आजचा इलाज समुपदेशन आणि नेहमीची नैराश्याची औषधं हाच आहे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही त्यातली काही डॉक्टर देऊ शकतात. डॉक्टरांना दाखवायचं तर नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही सरकारी. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा: मोफत, चोवीस तास, मराठीत. बाळंतिणीला जमत नसेल तर तिच्या आईनं, जावेनं, नवऱ्यानं लावला तरी चालतो.